केमिस्टची पदवी अजून छापतायत

खोटं बोलायचं तर लहानसं, एका सुट्टीपुरतं बोलावं, एवढाच माझा बेत होता. एकोणीसशे पंच्याण्णवच्या ईस्टरला आईनं कोकराचा चांगला लुसलुशीत तुकडा माझ्या ताटात वाढला आणि विचारलं, "केमिस्ट्रीची पदवी आली का रे?" मी तोंडात घास असतानाच म्हणालो, "छापतायत." वास्तविक फिजिकल केमिस्ट्रीचा तिसरा पेपर राहिला होता. सप्टेंबरात तो उरकून टाकू, मग कोण विचारतंय, असा हिशेब. तो सप्टेंबर आला आणि गेला. त्याच्यामागून सक्तीची लष्करी सेवा, मग पोटाची नोकरी, मग लग्न असं करत आणखी एकोणतीस सप्टेंबर गेले आणि पदवी आपली छापतायतच.

तुम्ही म्हणाल, तीस वर्षं लोकांनी विश्वास कसा ठेवला? त्यात माझं कौशल्य काही नाही, सगळं श्रेय आपल्या ग्रीसमधल्या कचेऱ्यांचं. आमच्या गावच्या बार्बा-लाझारोसच्या, म्हणजे लाझारोसकाकांच्या, जैतुनाच्या रानाची मोजणी बावीस वर्षांनी पुरी झाली, आणि नकाशा हातात आला तो शेजाऱ्याच्या रानाचा. निवृत्त टपालमास्तर बार्बा-मिनास यांच्या जन्मदाखल्यावर 'मुलगी' असं पडलं होतं. आपण मुलगी नाही हे सरकारदरबारी सिद्ध करायला त्यांना एक्केचाळीस वर्षं लागली, तोवर त्यांना तीन नातवंडं झाली होती. अशा गावात एका माणसाची पदवी तीस वर्षं छापतायत म्हटल्यावर कुणाची भुवईसुद्धा वर जात नाही. उलट कॉफीच्या दुकानात लोक माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. माझं नाव स्टामातिस, पण हाक मारताना सगळे स्टामाती म्हणतात. "धीर धर, स्टामाती. माझं पेन्शनही असंच अडकलंय."

आणि गावाच्या दृष्टीनं मी केमिस्ट होतोच. तेल सहकारी संस्थेच्या प्रयोगशाळेत मी अठ्ठावीस वर्षं जैतुनाच्या तेलाची आम्लता मोजतो आहे. शून्य पॉइंट आठच्या आत असेल तर तेल पहिल्या प्रतीचं, वर गेलं की घसरलं. शेतकऱ्याचं वर्षभराचं नशीब माझ्या काचेच्या नळीतून थेंबाथेंबानं पडत असतं. अहवालावर सही मात्र क्लिओची, तिच्याआधी दुसऱ्या कुणाची, कारण कायद्यानं पदवीधराचीच सही लागते. ही क्लिओ बारा वर्षं माझ्या हाताखाली. पण लोक विचारायचे, "स्टामातिस काय म्हणाला?" स्टामातिस म्हणाला की विषय संपला. माझी सगळी अब्रू त्या एका विश्वासावर उभी होती, आणि तो विश्वास एका न दिलेल्या पेपरवर.

खरं ठाऊक होतं ते फक्त माझ्या बायकोला, एवांथियाला. मागच्या वसंतात एके दुपारी ती घेवड्याच्या शेंगा सोलत टीव्ही बघत होती.

"स्टामाती, इकडे ये. तुला काढून टाकतायत."

"कुठून?"

"विद्यापीठातून. वर्षानुवर्षं नावं लावून बसलेत त्यांना 'कायमचे विद्यार्थी' म्हणतात म्हणे. सगळ्यांची नावं खोडणार. ज्यांचं थोडंसंच राहिलंय त्यांना सप्टेंबरपर्यंत शेवटची संधी. आत्ता एक दाखवला, तुझ्यासारखाच टकला होता. मी घाबरले ना."

तिच्या घाबरण्यापेक्षा वाईट गोष्ट त्याच वेळी चौकात घडत होती. तीच बातमी बार्बा-मिनास यांनीही ऐकली होती, आणि टपालखात्यात हयात घालवलेल्या माणसाला अर्ज लिहायला एवढं निमित्त पुरतं.

"म्हणजे नापासांना ही माणसं संधी देणार," ते कॉफीच्या दुकानात टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "आणि आमचा पास झालेला पोरगा तीस वर्षं कागदासाठी तिष्ठत बसणार? स्टामाती, तू भिडस्त आहेस. आता हे प्रकरण माझ्याकडे सोपव."

"बार्बा-मिनास, राहू द्या हो. तीस वर्षं थांबलो, आणखी थोडं..."

"अकरा ठिकाणी पाठवतो. पोचपावतीसह!"

अकरांतल्या एका जरी कचेरीनं चुकून काम केलं असतं, तर उत्तर आलं असतं की हा माणूस पास नाही. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कचेऱ्यांच्या आळसासाठी मेणबत्ती लावली. आणि दुसऱ्या दिवशी, संस्थेत दाढदुखीचं कारण सांगून, सव्वा तासाच्या बसनं विद्यापीठात गेलो.

केमिस्ट्री विभागाची खिडकी अकरा ते एक उघडी असते, म्हणजे अकरा चाळीस ते साडेबारा. खिडकीमागे एक बाई होत्या. नाकावर चष्मा, बाजूला अर्धी कॉफी.

"मुलाचं नाव?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"मुलाचं नाही. माझंच."

मग त्यांनी वर पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझा अपमान एवढ्या सावकाश कुणी केला नव्हता.

"प्रवेशाचं साल?"

"एकोणीसशे नव्वद."

"त्या साली मी बालवाडीत होते," असं म्हणून त्या आत गेल्या आणि वीस मिनिटांनी धूळ झटकत परत आल्या. "एकच विषय राहिलाय तुमचा. फिजिकल केमिस्ट्री तीन. अरेरे! तो तर बंद झाला. दोन हजार सात साली."

मी खिडकीचा कठडा धरला. ज्या विषयाच्या धास्तीनं मी झोपेत दचकत होतो, तो अठरा वर्षांपूर्वीच गेला होता आणि मला कुणी कळवलंसुद्धा नव्हतं.

"म्हणजे सुटलो?"

"सुटताय कसले. त्याच्या जागी दोन झाले. क्वांटम केमिस्ट्री आणि स्पेक्ट्रोस्कोपी. पण क्वांटमला बसायचं तर कम्प्युटरचा विषय आधी झालेला हवा."

"आमच्या वेळी विभागात कम्प्युटर एकच होता, आणि तो कुलूप लावून ठेवायचे."

"म्हणून तो जुन्या लोकांना माफ आहे. पण माफी नव्या अभ्यासक्रमात मिळते. नव्यात यायचं तर शाखा निवडावी लागेल. अन्न, पर्यावरण, जीवरसायन, नाहीतर नवीन पदार्थ."

"बाई, मला शाखा नको. मला फक्त पदवी हवी."

"तशी शाखा नाही," त्या म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या, समोरच्या कागदात खरोखर शोधून सांगत होत्या. "शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा."

आता सल्ला कुणाला विचारायचा? विचारला तर भांडं फुटणार. म्हणून मी चौकात सांगितलं की एवांथियाचा एक लांबचा भाचा केमिस्ट्रीला चाललाय आणि शाखा कुठली घ्यावी असा त्याला प्रश्न पडलाय. आमच्या गावात एकवेळ प्यायला पाणी मिळणार नाही, पण मुलानं पुढं काय शिकावं याचा सल्ला धो धो मिळतो. तासाभरात त्या नसलेल्या भाच्याभोवती चौदा माणसं जमली.

"केमिस्ट्री कशाला? फार्मसीला घाला. दुकान टाकेल, पांढरा कोट घालेल," खुरडत चालणारे बार्बा-लाझारोस म्हणाले.

"मार्क कमी पडले असतील," कुणीतरी.

"तर मग केमिकल इंजिनिअरिंग!"

"त्याला तर जास्तच लागतात!"

"मास्तर होईल तर केमिस्ट्रीच बरी. पण मास्तरकीचा दाखला वेगळा घ्यावा लागतो हो. माझी सून तो घ्यायला गेली नि घटस्फोट घेऊन आली."

"पर्यावरण नको," बार्बा-मिनास यांनी निकाल दिला. "पर्यावरणवाले कागद फार मागतात. जीवरसायन घेतलं तर पोरगा परदेशी जातो आणि आई इथं एकटी पडते. नवीन पदार्थ म्हणजे काय ते जुन्या माणसाला विचारू नका. अन्न घ्या! तेल कधी बंद होणार आहे का? आणि काय रे स्टामाती, तुझ्याचकडे शिकेल की."

चार दिवसांत भाच्यासाठी लोकरीचे मोजे आले. बार्बा-लाझारोसनी त्याला नातसुद्धा सुचवली. मी शुक्रवारी 'अन्न' ही शाखा लिहून आलो आणि भाच्याला जर्मनीत काकाकडे धाडून दिलं. गाव आठवडाभर हळहळत होतं.

फॉर्म घेताना खिडकीतल्या बाईंनी आणखी एक कागद पुढं केला. अन्न शाखेला दोन महिन्यांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचं. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची यादी मागच्या पानावर. मी यादी पाहिली. आमच्या भागातली एकच प्रयोगशाळा होती, आमच्या सहकारी संस्थेची.

"मी तिथं अठ्ठावीस वर्षं काम करतोय, बाई. ते धरा ना प्रशिक्षण."

"नोकरी वेगळी, प्रशिक्षण वेगळं. प्रशिक्षण म्हणजे कुणीतरी शिकवायला हवं. तिथल्या केमिस्टची सही आणा, की मी याला शिकवलं."

"तिथला केमिस्ट मीच."

"मग तुम्हीच सही करा."

"पण मला पदवी नाही."

"मग तुम्ही केमिस्ट नाही," असं म्हणून त्यांनी खिडकी लावली. बारा एकतीस झाले होते.

क्लिओला सांगायला मी तीन दिवस घेतले. प्रयोगशाळेचं दार लावून, दोन कप कॉफी ठेवून, घसा खाकरून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग ती खुर्चीवर बसली.

"म्हणजे बारा वर्षं," ती शांतपणे म्हणाली, "ज्या माणसानं मला 'क्लिओ, तुझा पाया कच्चा आहे' असं सांगितलं..."

"ते मी प्रेमानं म्हणायचो."

"...त्या माणसाला आता मी दोन महिने शिकवायचंय?"

"सही फक्त. तोंडदेखली."

"तोंडदेखली सही मी करत नाही. हे मला तुम्हीच शिकवलंत." ती उठली. खुंटीवरचा माझा कोट काढून तिनं मागच्या खोलीतल्या खुंटीवर टांगला. "जुलैच्या पहिल्या सोमवारी आठ वाजता या. वही आणा, समासवाली. आणि आधी काचसामान घासायला शिकू या. त्यात तुमचा पाया कच्चा आहे."

त्या जुलै-ऑगस्टात मी जेवढी काच घासली तेवढी एवांथियानं लग्नापासून घासली नसेल, आणि हे तिनं मला अनेकदा ऐकवलं. क्लिओ रोज माझी वही लाल शाईनं तपासायची. 'अक्षर सुधारा.' 'निष्कर्षात विनोद नको.' पण पाच वाजता दार लावल्यावर तीच मला क्वांटम शिकवायची, तेही मनापासून, आणि मला पहिल्यांदा कळलं की पोरगी किती हुशार आहे. बारा वर्षं मी तिला तोंड उघडू दिलं नव्हतं. त्याची लाज मला पदवीच्या लाजेपेक्षा जास्त वाटली.

इकडे बार्बा-मिनास यांच्या अर्जांना उत्तर आलं. राजधानीतल्या कुठल्याशा कचेरीचं, शिक्क्यासह. त्यांनी ते भर चौकात, माझ्या आईला खुर्ची देऊन, मोठ्यानं वाचलं. 'आपल्या पदवीस झालेल्या विलंबाची नोंद घेण्यात आली असून ती यथावकाश देण्यात येईल.' मी हादरलो. कुणीही काहीही न तपासता सरकारनं माझं खोटं मान्य केलं होतं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी आई पोलिक्सेनी, वय चौऱ्याऐंशी, टाळ्या न वाजवता माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं तिला ऐकू आलं नसावं.

सप्टेंबरात परीक्षा. मी वर्गात शिरलो तसं साठ पोरांनी बाह्यांतल्या चिठ्ठ्या गिळल्या. मग मी त्यांच्यातच बाकावर बसलो, तेव्हा ज्या नजरेनं त्यांनी मला पाहिलं ती मी विसरणार नाही. "काय काका," शेजारची मुलगी कुजबुजली, "आधी सांगायचं नाही का?" आणि मग ज्या बाई प्रश्नपत्रिका घेऊन आत आल्या, त्यांना पाहून मला पळून जावंसं वाटलं. इस्मिनी! त्र्याण्णव साली प्रयोगशाळेत आम्ही दोघं एकाच टेबलावर होतो, ती माझ्या वहीतून उतरवून घ्यायची. आता विभागप्रमुख. तिनं मला ओळखलं. माझ्या बाकावर एक जादा कोरा कागद ठेवून पुढं गेली.

पहिलाच प्रश्न खोक्यात कोंडलेल्या कणाचा. दोन भिंतींच्या मध्ये एक कण अडकलेला आहे, त्याला बाहेर पडता येत नाही, त्याची ऊर्जा काढा. तरुणपणी याच प्रश्नानं माझी दांडी उडवली होती. पण तीस वर्षांनी मला त्या कणाचं सगळं समजत होतं. मी भराभर लिहीत गेलो. निकाल लागला तेव्हा दोन्ही विषयांत दहापैकी पाच. पास व्हायला पाचच लागतात. इस्मिनीनं पेपर दाखवला तेव्हा कोपऱ्यात लिहिलं होतं, 'कणाच्या मनःस्थितीवरील पानाला गुण नाहीत.'

मी बसमध्ये रडलो. खरंच रडलो. चालकानं आरशातून पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

पदवीची शपथ, म्हणजे पदवीदान समारंभ, नोव्हेंबरअखेर होती. एवांथियाला आणि आईला घेऊन गुपचूप जाऊन यावं असा माझा विचार. पण विभागाचं पत्र घरी येणार म्हणजे टपालातून येणार, आणि टपालात अजून सगळी बार्बा-मिनास यांची माणसं. "अकरा अर्ज!" ते चौकात ओरडले. "तीस वर्षं दाबून ठेवलेली पदवी अकरा अर्जांनी बाहेर काढली!" ऐन जैतुनाच्या तोडणीत, झाडाखाली जाळी पसरलेली तशीच टाकून, सबंध गाव बस करून माझ्याबरोबर आलं.

समारंभ छान चालला होता. बावीस-तेवीसची पोरं, टोप्या, आयांचे रुमाल, फुलं. माझं नाव पुकारलं, मी इस्मिनीच्या हातून गुंडाळी घेतली, आणि तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"एक मिनिट!" बार्बा-मिनास उभे होते, कोटाला टपालखात्याचं पदक. "या माणसानं एकोणीसशे पंच्याण्णवमध्ये परीक्षा पास केली. तुम्ही तीस वर्षं कागद दिला नाही! याच्या आईचे डोळे वाट बघून शिणले. विभागानं सर्वांसमोर माफी मागावी!"

"माफी! माफी!" गाव ओरडलं.

इस्मिनीनं माझ्याकडे पाहिलं. सगळी कागदपत्रं तिनं वाचलेली होती. एका वाक्यात ती मला उघडं पाडू शकली असती. पण तिनं ध्वनिक्षेपक जवळ ओढला आणि म्हणाली, "विभागाच्या वतीनं, झालेल्या विलंबाबद्दल मी..."

आता इथं मी गप्प बसलो असतो तर सगळं सुखरूप पार पडलं असतं. तीस वर्षं गप्पच बसलो होतो की. पण त्या बाईनं माझ्यासाठी माफी मागावी? मी तिच्या हातून ध्वनिक्षेपक काढून घेतला.

"विभागाची चूक नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "माझा एक विषय राहिला होता. पदवी कुणी छापतच नव्हतं. मी खोटं बोललो. या सप्टेंबरात पास झालो, काठावर."

बार्बा-मिनास यांचा हात पदकाकडे गेला. मग पहिल्या रांगेतून माझी आई काठी टेकत उठली.

"खाली बस, मिनास," ती म्हणाली. "मला सत्त्याण्णव सालापासून ठाऊक आहे."

परतीच्या बसमध्ये मी आईशेजारी बसलो होतो.

"तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? छपाईवाल्यांनी जरा घाई करावी म्हणून मी खिडकीवर मिठाईचा डबा घेऊन गेले होते. तिथली बाई म्हणाली, अहो, एक विषय राहिलाय. डबा परत घेऊन आले. येताना बसमध्ये निम्मा एकटीनं खाल्ला, एवढं वाईट वाटलं."

"मग बोलली का नाहीस, आई?"

"बोलले असते तर तू सुटला असतास. एकदा रडला असतास, मी एकदा ओरडले असते, संपलं. मग कशाला दिली असतीस परीक्षा?" तिनं माझ्या मांडीवरची गुंडाळी घेतली, उलगडली, चष्म्याशिवाय तिला एक अक्षर दिसत नव्हतं, तरी सावकाश वरपासून खालपर्यंत पाहिली. "वाचून दाखव," म्हणाली. मी वाचून दाखवली. 'केमिस्ट्री' या शब्दावर तिनं मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जायला माझे पाय उचलत नव्हते. आता कोण येणार आपल्याकडे? एवांथियानं अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. गेलो तर दाराशी रांग. पंधरा-वीस माणसं, प्रत्येकाच्या हातात बाटली, तोंडं गंभीर. सगळ्यांत पुढं बार्बा-लाझारोस. क्लिओनं माझा कोट पुन्हा पुढच्या खुंटीवर लावला होता. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं मान वळवली.

"झालं ते झालं," बार्बा-लाझारोस म्हणाले. "तीस वर्षं फसवलंस, त्याबद्दल मी तुझ्याशी ख्रिसमसपर्यंत बोलणार नाही. पण हे तेल मंगळवारी तू मोजलंस. शून्य पॉइंट नऊ म्हणालास. पहिली प्रत एका बोटानं हुकली. मंगळवारी तू केमिस्ट नव्हतास. आज आहेस. मोज."

मी तेल तोललं, द्रावणात मिसळलं, नळीची तोटी सोडली. एकेक थेंब पडत होता. रांग मोडून सगळे टेबलाभोवती जमले. पातळ गुलाबी रंग आला आणि टिकला. मी आकडा वाचला. क्लिओनं वाकून वाचला.

"शून्य पॉइंट नऊ," मी म्हणालो.

"पुन्हा मोज."

पुन्हा मोजलं. शून्य पॉइंट नऊ.

बार्बा-लाझारोसनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाटलीकडे. त्यांचा चेहरा पार उतरला.

"म्हणजे पदवीनं काहीच उतरत नाही?"

"नाही, बार्बा."

"मग घेतलीस कशाला रे?"